वीतभर उंचीवरून पडणारं पाणी

सासूबाईंनी अट इतकी सरळ घातली होती की नंतर कुणाला "मला वाटलं" म्हणायला जागाच नव्हती. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता तीन आठवडे फिजिओथेरपीच्या केंद्रात मुक्काम होता, आणि त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी-जावयाचं घर तळमजल्यावर होतं.

"येईन की," सासूबाई म्हणाल्या. "पण माझी टाकी माझ्याबरोबर येणार. मी केंद्रात आहे तोवर टाकी तुमच्याकडे जाऊ दे. मासे तिथे नीट राहिले तर मीही राहीन. नाही राहिले, तर माझा जिना मला पाठ आहे."

जिन्याला अठ्ठावन्न पायऱ्या होत्या आणि कठडा दोन ठिकाणी हलत होता. लेकीला त्या जिन्याच्या नुसत्या विचाराने झोप लागत नव्हती. म्हणून मासे जगवायचे, हे घरात ठरून गेलं. जगवायचे कुणी, तर जावयाने. कारण टाकी म्हणजे पाणी, पाइप आणि पंप, आणि जावई प्लंबर. बाहेरची माणसं त्याला मिस्त्री म्हणत. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर बायकोही त्याला मिस्त्रीच म्हणायला लागली होती.

मंगळवारी टाकी आली. मागच्या व्हरांड्यात, बेडरूमच्या खिडकीखाली तिची जागा ठरली. कंबरेएवढी उंच, पाचशे लिटरची निळी टाकी. तिच्या वर लोखंडी घोडीवर खडीने भरलेला लांबट ट्रे आणि त्यात पालक, पुदिना, लेट्यूस. टाकीतला पंप माशांचं पाणी वर खडीत चढवायचा. माशांच्या विष्ठेवर रोपं वाढायची आणि निवळलेलं पाणी एका पाइपातून परत टाकीत पडायचं. माती कुठेच नाही. टाकीत तळव्याएवढे सव्वीस तिलापिया, आणि पाण्यावर एका बाजूला हिरवा तवंग. जवळून पाहिलं की तो तवंग नसून मसुरीच्या दाण्याएवढ्या पानांची तरंगती वनस्पती आहे हे कळायचं. सासूबाई तिला मसूरच म्हणत. मासे ती खात, पाण्यावर सावली राहे आणि शेवाळ धरत नसे.

सूचनांचा कागद होता. सासूबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती, त्यामुळे कागदावर एकही शब्द जास्त नव्हता. खाणं दोन वेळा, एकेक मूठ. पंपाची जाळी तीन दिवसांनी धुणे. मसूर वाढू द्यावी. रोज मोजणे. शेवटची ओळ अधोरेखित होती: बाकी कशाला हात लावू नये.

रोज संध्याकाळी सहा वाजता फोन यायचा.

"किती?"

"सव्वीस."

"फोन टाकीपाशी न्या."

मिस्त्री फोन टाकीपाशी न्यायचा. सासूबाई पडत्या पाण्याचा आवाज ऐकायच्या, "बरं" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. पहिले तीन दिवस हे असं सुरळीत चाललं. बिघडली ती मिस्त्रीची झोप.

परतीचा पाइप पाण्यापासून वीतभर वर संपत होता. त्यातून पाणी टाकीत पडायचं ते ढबढब आवाज करत, चोवीस तास, आणि बेडरूमची खिडकी बरोबर त्याच्या डोक्यावर. बायको चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना "हे अक्षर दिसतंय का, हे दिसतंय का" विचारून घरी यायची आणि उशीला डोकं टेकताच झोपायची. मिस्त्री मात्र छताकडे बघत पडायचा. प्रश्न नुसत्या आवाजाचा असता तर त्याने कापूस घातला असता कानात. पण वीस वर्षांच्या धंद्यात त्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती: आवाज करणारा पाइप म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. आणि असलं काम खुद्द मिस्त्रीच्या घरात, त्याच्या उशाशी, रात्रभर वाजत होतं.

"तुला ऐकू येत नाही?" त्याने शुक्रवारी सकाळी विचारलं.

"काय?"

"काही नाही. जा तू कामावर."

अर्ध्या तासाचं काम होतं. पाइपाच्या तोंडाला एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, पुढे दीड हात नवा पाइप, थेट टाकीच्या तळापर्यंत. जोड असा बसवला की बोट फिरवलं तरी कळू नये. पंप सुरू केला आणि तो कान देऊन उभा राहिला. काही नाही. पाणी येतंय की नाही हे टाकीत हात घातल्याशिवाय समजत नव्हतं. त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला.

सहाच्या फोनचं मात्र त्याला टेन्शन होतं. पण शुक्रवारपासून सासूबाईंचा संध्याकाळचा व्यायाम वाढवला होता. त्या धापा टाकत "किती" विचारायच्या आणि आकडा ऐकून ठेवून द्यायच्या. पाइपाचा विषय निघाला नाही, आणि मिस्त्रीनेही काढला नाही. आल्यावर स्वतःच ऐकतील, म्हणजे ऐकणार नाहीत, आणि खूश होतील, असा त्याचा हिशोब होता.

शांत पाण्यावर मसूर अशी फोफावली की विचारू नका. पडत्या पाण्याच्या लाटांनी ती आजवर एका बाजूला रेटलेली असायची. लाटा थांबल्या आणि चार दिवसांत टाकीभर हिरवी सतरंजी पसरली. मिस्त्रीला वाटलं, कमाल आहे आपल्या हाताची. बायकोला बोलावून त्याने दाखवलं. "आणली तेव्हा वाटीभर होती. आता बघ."

"मासे कुठेत?" बायको म्हणाली.

"खाली. सावलीत. मजेत."

मंगळवारी सकाळी मासे खाली नव्हते. मसुरीतून जागोजागी तोंडं वर आली होती आणि उघडमीट करत होती. सव्वीस तोंडं, एकही पाण्याखाली नाही. मिस्त्रीने पाहिलं आणि त्याला सासूबाईंचाच राग आला. वाढत्या वयाच्या माशांना एक मूठ कशी पुरेल? त्याने दोन मुठी टाकल्या. मासे धड खाईनात, पण तोंडं वरच. दुपारी थोडे खाली गेले. म्हणजे पोट भरलं, असा त्याने अर्थ लावला आणि संध्याकाळी आणखी दोन मुठी टाकल्या.

बुधवारी सकाळी दोन मासे पोट वर करून तरंगत होते.

बायकोने कपाळाला हात लावला. "आता आईला काय सांगायचं?"

"सध्या काही नाही."

"ती मोजायला सांगते."

"मोजतो ना. सव्वीस आलेच होते. दोन मेले म्हणून ते आले नव्हते असं होत नाही."

"मिस्त्री, हे तू तिला सांगून बघ."

सहाला फोन आला. "किती?"

"सव्वीस," मिस्त्री म्हणाला. मधे फार तर अर्धा सेकंद गेला असेल. पण चौतीस वर्षं जिने तारेच्या दोन्ही टोकांच्या माणसांचे श्वास ऐकले, तिला अर्धा सेकंद पुष्कळ झाला.

"फोन टाकीपाशी न्या."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीत चिडीचूप शांतता. तो फोन घेऊन व्हरांड्याकडे निघाला, मधेच वळला, स्वयंपाकघरात गेला, बादली नळाखाली सरकवली आणि नळ सोडला. बायको कणीक मळता मळता थांबून बघत राहिली. त्याने फोन बादलीजवळ धरला, मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि परत कानाला लावला.

"ऐकलंत?"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "बादली भरली असेल. नळ बंद करा."

आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी बायकोचा फोन वाजला. ती "हो आई", "नाही आई", "बरं आई" एवढंच म्हणाली. मग कणकेवर ओलं फडकं टाकत तिने नवऱ्याला निरोप सांगितला. "रविवारी तिला सहा तासांची सुटी मिळते. टॅक्सी करून येते आहे. म्हणाली, तीन आठवडे थांबायची गरज नाही, बघून घेईन. आणि शेजारणीला सांग, म्हणाली, घराच्या खिडक्या उघडून ठेव."

"कुठल्या घराच्या?"

"तिच्या."

मिस्त्रीने बादली मोरीत रिकामी केली. बायको तवा तापवायला वळली, आणि तेच जास्त वाईट होतं. बोलली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी तो माशांच्या दुकानात गेला. त्याला तळव्याएवढे दोन तिलापिया हवे होते, फार उजळ नकोत, जरा वापरलेले दिसतील असे. दुकानदार काचेच्या टाक्यांमध्ये स्टुलावर बसून डबा खात होता.

"आधीचे कशाने मेले?" त्याने विचारलं.

"भुकेने."

"मासा भुकेने मरतो? पंधरा दिवस उपाशी ठेवला तरी मरत नाही. मरायच्या आधी काय करत होते?"

"तोंड वर काढून बसले होते. सकाळी."

दुकानदाराने घास खाली ठेवला. "ती भूक नाही हो. धाप आहे. पाण्यात हवा नाही तुमच्या. वर वनस्पती आहे का?"

"आहे. छान आहे. टाकीभर."

"टाकीभर," दुकानदार म्हणाला आणि त्याने डब्यावर झाकण लावलं. "वरून झाकण लावलंत म्हणा की. आणि खायला किती घालता?"

"चार मुठी."

"म्हणजे झाकणही लावलं आणि आत खरकटंही कुजत घातलं. मी तुम्हाला मासे देणार नाही. हे घेऊन जा."

हे म्हणजे हवेचं यंत्र. साबणाच्या वडीएवढी पेटी, तिला एक बारीक नळी, नळीच्या टोकाला खरबरीत दगड. दगड पाण्यात सोडायचा, पेटी विजेला लावायची, की बुडबुडे. झाकण कमी करा, असं दुकानदाराने पाठीमागून ओरडून सांगितलं. मिस्त्रीने घरी येऊन ओंजळभर मसूर काढली. आणखी काढायला हात होईना. एवढी वाढलेली चीज सासूबाईंना दाखवायला तेवढीच तर शिल्लक होती.

यंत्र सुरू झालं. बुडबुडे आले. आणि आवाजही आला. पाण्याच्या ढबढबीला निदान ताल होता. ही पेटी डास कानात शिरावा तशी एका सुरात गुणगुणत होती आणि भिंतीला टेकवली की भिंतही गुणगुणायची.

"हा मात्र मला ऐकू येतो," बायको रात्री म्हणाली. "बंद कर."

"बंद केला तर मरतील."

"मग गप्प कर. त्यातच तुझा हातखंडा आहे ना."

त्याने पेटीखाली स्पंजची घडी घातली. गुणगुण थांबली आणि दोघं झोपली. पण स्पंजवर पेटी थरथरत सरकत गेली आणि कधीतरी नळी निसटली. शुक्रवारी सकाळी यंत्र व्हरांड्याला हवा घालत होतं आणि आणखी दोन मासे उलटे पडले होते.

मिस्त्रीने नळी परत खोचली, वर तार आवळली आणि टाकीच्या काठावर बसला. दात-ओठ खाऊन त्याने एका माशाकडे पाहिलं. माशाने तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.

"एवढी हवा लागते तर पाण्यात राहायला सांगितलंय कुणी," मिस्त्री त्याला म्हणाला आणि कामावर निघून गेला.

काम एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात होतं. बेसिनच्या नळाला धार बारीक येत होती. त्याने नळाच्या तोंडाची जाळी आटे फिरवून काढली. क्षारांनी ती गच्च भरली होती. जाळीशिवाय नळ सोडून पाहिला, तर धार जाड आली, पण काचेसारखी गुळगुळीत, बेसिनमध्ये आदळून बाहेर उडणारी. बाईंनी एप्रन सावरत मागे पाऊल घेतलं.

"असं नको हो. पूर्वी मऊ यायचं पाणी. पांढरं."

"ते जाळीमुळे, मॅडम. जाळी पाण्यात हवा मिस..."

मिस्त्री थांबला.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"जाळी पाण्यात हवा मिसळते," त्याने वाक्य पुरं केलं. "पाणी पडताना हवा ओढून घेतं आणि आत नेतं. हे मी वीस वर्षं लोकांना सांगतोय."

"मग?"

"मग काही नाही."

त्याने जाळी व्हिनेगरमध्ये बुडवली, घासली, बसवली. पांढरं, फेसाळ पाणी बेसिनमध्ये पडायला लागलं आणि तो त्याकडे बघत इतका वेळ उभा राहिला की बाईंनी स्वतःच नळ बंद केला.

पुढची दोन कामं उद्यावर ढकलून तो दुपारी घरी आला. करवत काढली. एल्बोच्या वर खूण केली. असा जोड त्याने उभ्या जन्मात दुसरा केला नव्हता, आणि तो कापायला बरोबर दीड मिनिट लागलं. दीड हात पाइप हातात आला. वरून पाणी पडलं, वीतभर उंचीवरून, ढबढब, आणि जिथे पडलं तिथे पांढरे बुडबुडे खोल घुसले. लाटा उठल्या आणि मसूर कडेकडेने मागे सरकायला लागली. बाकीची त्याने पिठाच्या चाळणीने काढली. निम्मं पाणी उघडं पडेपर्यंत दोन बादल्या भरल्या. तळाला कुजलेल्या खाण्याचा राखाडी थर होता, तोही त्याने नळीने ओढून काढला आणि तेवढंच, उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं शिळं पाणी वर घातलं. चाळणी कुठली वापरली हे बायकोला संध्याकाळी कळलं. तो वेगळा विषय झाला.

साडेपाचला एकही तोंड वर नव्हतं.

सहा वाजायला दहा मिनिटं असताना त्याने स्वतः फोन लावला. यापूर्वी त्याने सासूबाईंना आपणहून फोन लावला होता तो बायको दवाखान्यात होती तेव्हा.

"आई, मी बोलतोय. बावीस आहेत."

त्याने फोन पडत्या पाण्याजवळ धरला आणि परत कानाला लावला.

"चार मेले. माझ्यामुळे. आवाज येत होता म्हणून मी परतीचा पाइप पाण्याखाली नेला. कागदावर लिहिलं होतं हात लावू नका, तरी लावला. मसूर टाकीभर होऊ दिली. वर खाणं जास्त घातलं. आता पाइप कापलाय, मसूर अर्धी काढलीय. बुधवारी ती बादलीच होती."

"ते मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "कापलेल्या तोंडाला कानस मारलीत?"

"मारली."

"बरं. रविवारी येते."

"आई, राहायचं..."

फोन ठेवलेला होता.

शनिवारचा दिवस बायकोने घर आवरण्यात घालवला आणि मिस्त्रीने मासे मोजण्यात. प्रत्येक वेळी बावीस. एकदा एकवीस आले तेव्हा त्याने टाकीत वाकून पुन्हा मोजले. बाविसावा पंपामागे होता.

रविवारी अकराला टॅक्सी आली. सासूबाई वॉकर टेकत, दर दोन पावलांनी थांबत, मधे कुणालाही हात लावू न देता व्हरांड्यापर्यंत आल्या. खुर्चीवर बसल्या. बराच वेळ पडत्या पाण्याकडे पाहिलं. मग वाकून कापलेला पाइप उचलला आणि जोडावरून अंगठा फिरवला.

"काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीला वाटलं, ह्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

"मला विचारलं असतंत तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण तुम्हाला विचारायचं नसतं. हिच्या वडिलांनाही नसायचं."

"आई," बायको म्हणाली.

"खोटं सांगितलंत त्याचा मला राग आहे. माशांचा नाही. पहिल्या वर्षी माझे अकरा मेले होते." त्यांनी पाइप खाली ठेवला. "बाथरूम कुठे?"

लेक धरायला गेली तर तिला बाहेरच थांबवलं. दार लागलं. बाहेर दोघं उभी. आतून वॉकर आपटल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा वॉकर. दार उघडलं तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर घाम होता.

"उठताना धरायला काही नाही," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर निदान खिडकीचा गज आहे."

"दांडा बसवतो," मिस्त्री म्हणाला. "स्टीलचा. आजच. घरात पडलाय एक."

"कुठल्या हाताला?"

"उजव्या. सगळीकडे उजव्याच..." तो थांबला. "कुठल्या हाताला हवा, आई?"

"डाव्या."

दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई कमोडचं झाकण लावून त्यावर बसल्या आणि मिस्त्री पेन्सिल घेऊन भिंतीशी उभा राहिला. त्यांनी हात पुढे केला, त्याने खूण केली. ड्रिलने पहिलं भोक पाडलं. दारातून बायकोने हळूच विचारलं, "आई, शेजारणीला खिडक्या बंद करायला सांगू?"

"चारपर्यंत केंद्रात परत जायचंय मला. आधी हे होऊ दे." सासूबाईंनी पुन्हा हात पुढे केला, उठल्यासारखं केलं, बसल्या. "दोन बोटं वर हवा."

"आई, भोक पडलं."

"दिसतंय मला. वर्षानुवर्षं मी धरणार आहे तो. दोन बोटं वर."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती वळून फोन शोधायला गेली होती. त्याने दोन स्क्रू दातांत धरले, पहिल्या भोकावर पांढऱ्या सिमेंटचा बोळा दाबला आणि दोन बोटं वर नवी खूण केली.